नवतप्यातली हुडहुडी

सूर्य रोहिणीत शिरला की पुढचे नऊ दिवस नागपूरकर कुणाशी भांडत नाही. भांडायला घराबाहेर यावं लागतं. कूलरच्या टाकीत पाणी टाकणं आणि टाकलेलं संपलं का ते पाहणं, एवढीच हालचाल उरते. या नऊ दिवसांना आम्ही नवतपा म्हणतो. त्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी दीड वाजता, वर्धा रोडवर आमच्या गाडीच्या डॅशबोर्डावर एक पिवळा दिवा लागला.

दुपारी दीड वाजता मी वर्धा रोडवर काय करत होतो, हा प्रश्न घरी विचारून झालेला आहे. इथे नको.

त्या दिव्यावरचं चित्र म्हणजे अंघोळीच्या पाण्याचा जुना बंब कुणी आडवा पाडावा आणि त्याला दोन्हीकडून तोट्या बसवाव्यात, असं काहीतरी. ते इंजिन आहे म्हणे. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात त्याचा अर्थ पाहिला: अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा. त्या पुस्तकात दिव्यांची दोन पानं भरून चित्रं आहेत आणि निम्म्यांचा अर्थ हाच. एवढ्यासाठी वेगवेगळी चित्रं काढायला लावून त्या चित्रकाराला का छळलं, कळत नाही.

गाडी बंद पडली नव्हती, पण चालतही नव्हती. म्हणजे ऑफिसात शेवटच्या वर्षाला असलेला माणूस जसा चालतो तशी चालत होती. सिग्नलला उभी राहिली की घरघर करायची. पिकअप गेलेला. मागून कच्च्या पेट्रोलचा वास. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं तर काजळाची डबीच.

शेजारच्या काकांनी हयात रेल्वेत काढली आहे. ते नेमके कोणत्या खात्यात होते हे आम्हाला पंधरा वर्षांत कळलेलं नाही, पण चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्यांचा शब्द आमच्या गल्लीत शेवटचा असतो. ते डोक्याला दुपट्टा बांधून बाहेर आले, बॉनेटवर तळहात ठेवला, लगेच उचलला आणि म्हणाले, "ऊन लागलं हिले."

"गाडीला?"

"माणसाले लागते, म्हशीले लागते, गाडीले कायले नाही लागणार? पंचेचाळीसमध्ये काढून राहिले तुम्ही तिले."

कोपऱ्यावरच्या पानवाल्याचं मत वेगळं पडलं. त्याच्या मते पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, त्याचाच हा प्रताप. हल्ली गाडीचा वायपर तुटला तरी लोक इथेनॉलवर ढकलतात, तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही. पण काकांचं ऐकलं. ऊन लागलं हे निदान मला पटलं, कारण मलाही लागलेलं होतं.

आता मी पडलो सुशिक्षित. निदान झालं तरी तपासणी करून घ्यायची, हा सुशिक्षितपणाचा पहिला नियम. मुलानं मागे कधीतरी सातशे रुपयांचा एक स्कॅनर मागवला होता. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा निळा डबा. तो गाडीच्या सॉकेटात खोचायचा आणि मोबाइलवर गाडीचं मनोगत वाचायचं. सॉकेट कुठे असतं? स्टीअरिंगखाली, पेडलांच्या वर. सोळा पिनांचं, खालून पाहिलं तर समलंब चौकोनी. ते बसून दिसत नाही. ते दिसण्यासाठी ड्रायव्हरच्या सीटवर पाय वर आणि डोकं खाली करून पडावं लागतं. त्या अवस्थेत मी असताना समोरच्या बंगल्यातल्या वहिनी फाटक उघडून बाहेर आल्या, दोन क्षण थांबल्या आणि परत आत गेल्या. संध्याकाळी त्यांनी आमच्या घरी पन्हं पाठवलं.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी गाडीला मनोगतच नव्हतं. कार्बोरेटर होता. फिटर यायचा, जेट काढायचा, तोंडानं फुंकायचा, पेट्रोलची एक पिचकारी थुंकायचा आणि म्हणायचा, "कचरा होता." दहा रुपये. २००० सालच्या सुमारास धुराचे नियम कडक झाले, कार्बोरेटर गेले, आणि गाड्यांच्या पार्श्वभागावर 'एमपीएफआय' अशी चकचकीत पट्टी आली. तिचा अर्थ फारसा कुणाला माहीत नव्हता, पण ती नसलेल्या गाडीकडे लोक नववारीतल्या आत्याकडे पाहावं तसं पाहू लागले. आमची ही गाडी २०१७ च्या दसऱ्याची. टेकडीच्या गणपतीसमोर नारळ फोडून आणलेली. तिच्या पोटात एक कॉम्प्युटर आहे. गॅरेजवाले त्याला ईसीएम म्हणतात. तो इंजिनाच्या अंगावर ठिकठिकाणी हात लावून बसलेला असतो, आणि कुठे काही खुपलं की एक आकडा लिहून ठेवतो.

आमचा आकडा होता पी ०११३.

या आकड्यांना व्याकरण आहे. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचं खातं. पुढचं शून्य म्हणजे तक्रार सर्व कंपन्यांना सामायिक, आमच्या घरातली खासगी नव्हे. त्यापुढचा एक म्हणजे हवा आणि इंधन यांचं मोजमाप. आणि १३ म्हणजे प्रत्यक्ष गुन्हा, जो मोबाइलवर असा उमटला: 'इन्टेक एअर टेंपरेचर सेन्सर, सर्किट हाय'.

इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान. हाय.

मी सरळ काकांना जाऊन वाचून दाखवलं. काकांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर इतकं समाधान मी पाहिलं नव्हतं. मशीनसुद्धा तेच म्हणत होतं! हवा गरम, तापमान हाय, गाडीला ऊन. मग आम्ही रीतसर उपचार सुरू केले. गाडी कडुनिंबाच्या सावलीत घेतली. बॉनेटवर ओलं गोणपाट टाकलं. कूलरच्या बाजूची वाळ्याची जुनी ताटी निघाली होती ती पुढच्या जाळीला टेकवून उभी केली आणि दर तासाला तिच्यावर मगाने पाणी मारलं. विदर्भात उन्हात निघताना खिशात कांदा ठेवायची पद्धत आहे. काकांनी एक कांदा ग्लव्हबॉक्समध्ये ठेवला. मी काही बोललो नाही. एकदा गोणपाट टाकल्यावर कांद्याला विरोध करायला तोंड कुठे राहतं?

दोन दिवस सेवा करून तिसऱ्या दिवशी गाडी सुरू केली. दिवा तसाच. काजळ तसंच. शिवाय गाडीत कांद्याचा वास.

त्या रात्री मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही नुसता कोड वाचला. लाइव्ह डेटा पाहिला का?"

लाइव्ह डेटा म्हणजे इंजिनाला या क्षणी काय वाटतंय त्याचा चालू अहवाल. मी परत उलटा झालो. यादीत खाली खाली गेलो: इंजिनाचे फेरे, पाण्याचं तापमान, बॅटरीचा व्होल्ट, आणि मग, आत येणाऱ्या हवेचं तापमान.

उणे ४०.

मी मोबाइल झटकला. चष्मा पुसला. उणे ४०. रात्रीचे नऊ वाजले होते, अंगणात अजून ३८ होतं, माझ्या बनियनमधून घाम टपकत होता, आणि माझी गाडी म्हणत होती की ती सियाचिनला उभी आहे.

म्हणजे जिला आम्ही दोन दिवस ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलं होतं, ती बिचारी थंडीनं कुडकुडत होती.

धाकटा भाऊ मिनियापोलिसला असतो. त्याच्याकडे थंडीचा अनुभव आहे, म्हणून फोन लावला. तिकडे १९९६ पासूनच्या सगळ्या गाड्यांना हे सॉकेट सक्तीचं आहे आणि पार्टच्या कित्येक दुकानांत कोड फुकट वाचून देतात, त्यामुळे अमेरिकेतला प्रत्येक मराठी माणूस अर्धा मेकॅनिक असतो. उरलेला अर्धा तो रिअल इस्टेटमध्ये असतो.

"उणे चाळीस? दादा, आमच्याकडे जानेवारीतसुद्धा एवढं होत नाही."

"इकडे नवतपा चालू आहे!"

"थांब. सेल्सिअस की फॅरनहाइट?"

या प्रश्नावर आम्हा भावांचं वीस वर्षांचं भांडण आहे. तो तिकडून 'आज शंभर आहे' म्हणतो आणि आई इकडे देव पाण्यात ठेवते. मी स्कॅनरच्या सेटिंगमध्ये जाऊन बदलून पाहिलं. सेल्सिअस: उणे ४०. फॅरनहाइट: उणे ४०. सगळ्या पट्टीवर हे एकच ठिकाण असं आहे की जिथे दोघांचा आकडा जुळतो, आणि आमचं एकमत व्हायला माझ्या गाडीला तिथपर्यंत जावं लागलं.

तर हे उणे ४० येतं कुठून? ती कथा मला नंतर कळली, पण इथेच सांगून टाकतो, कारण पुढे सेफ्टी पिन येणार आहे आणि तेव्हा थांबून चालणार नाही.

एअर फिल्टरच्या पुढच्या नळीत बोराच्या आठळीएवढा एक काळा मणी खोचलेला असतो. तो हवेचा ताप पाहतो. त्याची तऱ्हा उलटी: गार झाला की अडवतो, गरम झाला की सोडतो. बऱ्याच गाड्यांत जो मणी असतो त्याचा विरोध २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास आणि ८० अंशांना जेमतेम सव्वातीनशे. कॉम्प्युटर पाच व्होल्टच्या हिशेबानं त्याच्याकडे वीज पाठवतो. मणी गरम असेल तर वीज झिरपून जाते, व्होल्टेज खाली येतं. मणी गार असेल तर वीज अडून राहते, व्होल्टेज वर. म्हणजे 'हाय' होतं ते व्होल्टेज. आणि व्होल्टेज हाय म्हणजे हवा थंड! कोडनं एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. अर्थ आम्ही लावला, आणि तो आमच्या घामानं लावला.

आता ती वायर तुटलीच, तर वीज जाणार कुठे? पूर्ण पाच व्होल्ट अडून राहतात. कॉम्प्युटर म्हणतो, एवढा विरोध म्हणजे भयंकर थंडी असणार, आणि पट्टीच्या टोकाचा आकडा लिहितो: उणे ४०. ते तापमान नसतंच. फोन कट झाल्यावर येणारी शांतता असते. पण आपल्याकडे समोरचा गप्प बसला की त्याचा अर्थ आपण लावतोच ना, आणि बहुधा वाईटच लावतो.

बरं, हवेच्या तापमानाची चौकशी हवीच कशाला? तर पेट्रोल नीट जळायला एक ग्रॅमला १४.७ ग्रॅम हवा लागते. पुरणाला डाळ-गुळाचं असतं तसं हे प्रमाण. एका लिटर पेट्रोलला अकरा किलोच्या आसपास हवा, म्हणजे उन्हाळ्यात आमच्या वस्तीत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर पाण्याऐवजी हवेनं भरला तर तेवढी. हवा थंड असली की दाटून येते, तेवढ्याच जागेत जास्त मावते. ४५ अंशांच्या हवेपेक्षा उणे ४० ची हवा ३६ टक्क्यांनी जड. आमच्या कॉम्प्युटरला वाटलं की दाट, गच्च, गोठवणारी हवा येते आहे, म्हणून त्यानं त्या मानानं पेट्रोल ओतायला घेतलं. प्रत्यक्षात येत होती नागपूरची मे महिन्यातली विरळ वाफ. पुढे सायलेन्सरपाशी बसलेला ऑक्सिजन सेन्सर ओरडत होता की पेट्रोल फार होतंय, जरा हात आखडा. एक म्हणतो वाढ, एक म्हणतो पुरे. पंगतीत यजमान आणि आचारी यांच्यात चालतं तसं. बिल माझ्या नावावर.

खरं तर आकडा अगदीच अचाट झाला की कॉम्प्युटर त्याच्यावर विश्वास ठेवणं सोडतो, दिवा लावतो आणि अंदाजपंचे एक बरा आकडा धरून काम रेटतो. पण आमची वायर धड तुटलेलीही नव्हती. ती कधी लागायची, कधी सुटायची, कधी अर्धवट लागायची. अर्धवट लागली की आकडा यायचा उणे १०, उणे १५. हे खोटं पचण्यासारखं असतं. ढळढळीत खोट्यानं नुसता दिवा लागला. पेट्रोल प्यायलं ते या बेताच्या खोट्यानं.

पण हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? मी आपला गेलो सेवा केंद्रात.

ते कोणतं, ते जाऊ द्या. तिथे एसी आहे, कॉफी फुकट आहे, आणि गाडी काचेपलीकडे असते. म्हणजे ऑपरेशन थिएटरची सोय. सल्लागार म्हणून जो मुलगा होता तो टॅबलेट घेऊन आला. त्यानं स्कॅनर लावला. त्यांचा स्कॅनर माझ्यापेक्षा पन्नासपट महाग, आणि त्यानंही तेच सांगितलं: पी ०११३. मुलगा म्हणाला, "सर, सेन्सर गेला."

"मणी गेला की वायर गेली?" मी रात्री भावाकडून शिकलेलं वापरून पाहिलं.

"सर, कोडमध्ये सेन्सरचंच नाव आहे."

यावर काय बोलणार? एफआयआरमध्ये ज्याचं नाव, तो आरोपी. साक्षीदाराचं नावही त्यात असतं, हे त्या मुलाला कुणी सांगितलं नव्हतं. मी नवा सेन्सर बसवायला सांगितलं: १,८५० रुपये, अधिक मजुरी, अधिक स्कॅनिंग, अधिक 'कन्झ्युमेबल्स' या नावाखाली १२० रुपये, जे बहुधा मी प्यायलेल्या कॉफीचे असावेत. कपलर काढला, जुना मणी उपटला, नवा खोचला, कपलर बसवला, कोड पुसला. आकडा आला ४४. दिवा गेला. मी तो जुना मणी मागून घेतला. काढलेले पार्ट मागून घ्यायचे हे वडिलांनी शिकवलेलं.

गाडी फाटकातून बाहेर पडली. पहिला गतिरोधक आला. पुढचं चाक चढलं, उतरलं. मागचं चाक चढलं.

बंब लागला.

मी मागे फिरलो नाही. त्या फुकटच्या कॉफीची मला भीती बसली होती.

कामठी रोडवर एक उस्ताद आहेत. गॅरेज म्हणजे एक पत्र्याचं शेड, एक चिंचेचं झाड आणि झाडाला टांगलेला मडगार्ड. तो वाजवला की चहा येतो. उस्तादांचं वय सत्तरच्या पुढे, हात असे की बोटांच्या रेषांत काळं तेल कायमचं गोंदलेलं. सकाळी साडेसातला, ऊन चढायच्या आत, आम्ही दोघं गेलो. बायको सोबत आली, कारण येताना तर्री-पोहे खायचे ठरले होते. उस्ताद तेव्हा तेच खात होते. बशी खाली न ठेवता त्यांनी मला सगळं सांगू दिलं. ऊन, कांदा, उणे ४०, नवा सेन्सर, गतिरोधक. कांद्यापाशी त्यांचा घास थांबला, पण बोलले काही नाहीत.

"साहेब, सेन्सर कायले बदलवला?"

"कोडमध्ये नाव होतं."

"नाव तर असंनच. फोन लागत नाही म्हणून तुम्ही माणूस बदलवता का? आधी लाइन पाहा ना." त्यांनी बशी ठेवली, हात पुसले. "तुमचं ते मोबाइलवालं मशीन लावा. आकडा बोलत राहा."

मी पुन्हा उलटा झालो. आता ती मुद्रा मला साधली होती.

उस्तादांनी बॉनेट उघडलं, कपलर ओढून काढला. "बोला."

"उणे चाळीस!"

"बरोबर. आता काहीच लागून नाही, तर तेच येईन. बाई, पिन आहे का?"

आमच्या घरात स्कॅनर सापडायला अर्धा तास लागतो. पिन मागितली की बायकोच्या बांगड्यांतून ती निघायला एक सेकंद लागत नाही. साडीची सवय सुटून दहा वर्षं झाली, पण बांगडीतल्या पिना तशाच आहेत; कुणाच्या चपलेचा पट्टा, कुणाच्या पिशवीचा बंद, कुणाच्या पायातला काटा. उस्तादांनी पिन उघडून सरळ केली आणि कपलरच्या दोन छिद्रांत तिची दोन टोकं घातली. म्हणजे मण्याच्या जागी नुसती तार. विरोध शून्य. वीज सपाट्यानं निघून गेली पाहिजे, आणि कॉम्प्युटरला वाटलं पाहिजे की हवेला आग लागली. आकडा शंभराच्या पार जायला हवा.

"बोला."

"उणे चाळीस!"

"नीट पाहा."

"उणे चाळीसच!"

"झालं," उस्ताद म्हणाले. "म्हणजे सेन्सरचा संबंधच नाही. कपलरपर्यंत लाइनच पोचून नाही राहिली. जुनाही चांगला, नवाही चांगला."

पन्नासपट महाग स्कॅनरला जे दिसलं नव्हतं, ते बांगडीतल्या पिनेनं पाऊण मिनिटात सांगितलं. मी सीटवरून सरळ झालो तेव्हा डोक्यात रक्त उतरल्यानं की १,८५० रुपये आठवल्यानं, पण थोडी चक्कर आली.

मग उस्तादांनी वायर हातात धरली आणि नाडी पाहत जावं तशी बोटांनी चाचपत मागे गेले. वरून काळी नळी धड होती. बॅटरीच्या मागे, जिथे वाकून हात घालावा लागतो तिथे, त्यांचा हात थांबला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग हात बाहेर काढला. हातात एक मूठभर घर होतं.

घरच म्हणायचं. बॉनेटच्या आतल्या अस्तराचा कापसासारखा पिंजलेला गोळा. आंब्याची एक कोय, चोखून नव्हे, कोरून स्वच्छ केलेली. माझा एक मोजा, जो मी मार्चपासून शोधत होतो आणि ज्यावरून धुणंवाल्या बाईशी बोलणं झालं होतं. आणि कागदाच्या बारीक बारीक पट्ट्या, ज्यांतली एक उस्तादांनी उजेडात धरली. तिच्यावर 'प्रदूषण निय' एवढं वाचता येत होतं. आमचं पीयूसी ग्लव्हबॉक्समधून कुठे गेलं, हे कळलं. आरटीओला काय सांगणार?

त्याच्या मागेच ती वायर. तिचं वरचं आवरण टोकदार दातांनी सोललेलं, आतल्या तांब्याच्या बारीक तारांपैकी दोनच जिवंत. गाडी हलली की त्या एकमेकींना टेकायच्या किंवा सुटायच्या. सेवा केंद्रात कपलर ओढताना त्या टेकल्या होत्या, गतिरोधकावर सुटल्या.

"उंदीर," उस्ताद म्हणाले.

"पण उस्ताद, बाहेर पंचेचाळीस, आत इंजिन नव्वद. अशा भट्टीत तो राहायला कशाला जाईल?"

"त्याले काय, रात्री तर थंडच असते ना गाडी. आणि तुम्ही तर," ते बायकोकडे पाहून हसले, "वरून ओलं पोतं टाकून देल्लं. कूलरची सोय केली त्याची."

हे मात्र खरं होतं. कुरतडणं आधीचं असेल. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्याला काहीतरी घासावंच लागतं. पण पोतं, वाळ्याची ताटी, दर तासाला पाणी, आणि आत कांदा! नवतप्यात अख्ख्या नागपुरात इतकी बडदास्त कुणाची राहिली नसेल.

"टेकडीवर पूजा करून आणली ना गाडी?" उस्तादांनी विचारलं.

"हो."

"मग. ज्याची पूजा केली, त्याचाच पाहुणा आला."

त्यांनी वायर छाटली, सोलली, पिळून जोडली, कथलाचा एक थेंब दिला, वर आकसणारी नळी चढवून काडी पेटवून गरम केली. कपलर बसवला. मी मोबाइल धरून बसलो होतो. आता सीटवर सरळ, माणसासारखा. आकडा एकदा थरथरला.

४१.

"एक्केचाळीस!" मी ओरडलो. सकाळचे साडेआठ होते. इंजिन चालू ठेवलं तसा आकडा चढत गेला. ४३. ४४. ४७. मी प्रत्येक अंश मोठ्यानं वाचत होतो. बाजूच्या चहावाल्याकडचे दोघं-तिघं जवळ आले. त्यांना वाटलं मॅच चालू आहे. ४७ ऐकून टाळी वाजवणारा त्या दिवशी विदर्भात मी एकटाच असेन.

उस्तादांनी २०० रुपये घेतले. पिन परत दिली, पुसून. उपाय विचारला तर म्हणाले तंबाखूचं पान ठेवा, काही लोक डांबरगोळ्या ठेवतात, काहीजण मांजर पाळतात. खरा उपाय म्हणजे गाडी रोज चालवा. मग थोडं थांबून: "आणि कांदा काढा."

येताना तर्री-पोहे खाल्ले. बायको म्हणाली, पिनेचे किती लावायचे? मी म्हटलं, कन्झ्युमेबल्समध्ये धरू.

आता प्रश्न राहिला जुन्या मण्याचा. निर्दोष सुटलेला, पण नोकरी गेलेला. त्याला टाकून देणं मला जमेना. मुलाचा मल्टिमीटर काढला आणि त्या मण्याच्या दोन पिनांना लावला. खोलीत कूलर चालू असताना सतराशे ओहमच्या आसपास. तळहातात धरला, थोडा खाली गेला. स्टीलच्या वाटीत बर्फ घेऊन, पातळ पिशवीत गुंडाळून बुडवला: सहा हजारांच्या जवळ. मग तो तसाच पिशवीतून फ्रीजरमध्ये ठेवून दोन वायरी दाराच्या फटीतून बाहेर काढल्या आणि चढणारा आकडा पाहत स्टूल टाकून बसलो. दहा हजार. बारा. चौदा हजार. इतका खरं बोलणारा मण्याएवढा माणूस मी ऑफिसात तीस वर्षांत पाहिला नव्हता.

काका आले. त्यांना सगळं दाखवलं. वाटी, बर्फ, मीटर. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे उंदरालेच ऊन लागलं होतं."

आतून बायकोचा आवाज आला, "अहो, फ्रीजरमध्ये लिंबांच्या बाजूला ही कसली बी ठेवलीये? आणि दार का लागत नाहीये?"